मैलकुली आणि महामार्ग

मार्च महिना आला की आपल्याकडे एक भांडण नेमानं होतं. एका बाजूला अर्थशास्त्राची दोन पानं वाचलेली माणसं असतात. महसुली, म्हणजे रोजचा चालू, खर्च ही उधळपट्टी आणि भांडवली, म्हणजे नवं काही उभं करण्याचा, खर्च ही गुंतवणूक, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. लाडक्या बहिणीच्या खात्यात गेलेले पंधराशे रुपये पाण्यात गेले, पण काँक्रीटमध्ये ओतलेला रुपया मात्र पेरलेलं बियाणं, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या बाजूची माणसं महामार्ग हा शब्द ऐकताच ठेकेदार, टक्केवारी आणि गेलेल्या जमिनी एवढंच बघतात. देवस्थानं जोडण्यासाठी आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या निमित्तानं हे भांडण स्टुडिओतून निघून गावच्या पारावर येऊन बसलं आहे. गंमत अशी, की एकमेकांचे गळे धरणाऱ्या या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत आहे. रस्त्यावरचा सरकारी खर्च म्हणजे नवा रस्ता, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला तो हवा, दुसऱ्याला नको, एवढाच फरक. माझं भांडण या एकमताशी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राज्य सरकारनं दळणवळणावर भरपूर खर्च करावा, त्यासाठी कर्जही काढावं. पण त्या पैशावर पहिला हक्क आहे तो असलेले रस्ते आणि पूल टिकवण्याचा, दुसरा तालुक्यापर्यंतच्या जाळ्याचा आणि त्यावरून धावणाऱ्या एसटीचा. द्रुतगती महामार्गांचा नंबर त्यानंतरचा. आणि ते बांधायचेच असतील तर त्यांचा सगळा बोजा अर्थसंकल्पाच्या पानावर उघड दिसला पाहिजे. 'भांडवली' हे हिशेबाच्या वहीतलं एका रकान्याचं नाव आहे. ते शहाणपणाचं प्रमाणपत्र नव्हे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर नागपूरहून गावी गेलो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गानं मला तीन तासांच्या आत-बाहेर मेहकरला आणून सोडलं. वाटेत एक खड्डा लागला नाही, चहाचा थेंब सांडला नाही. मेहकरहून आमचं गाव वीस किलोमीटर. त्याला लागला एक तास पाच मिनिटं. त्यात नाल्याच्या फरशीवरचं, म्हणजे बुटक्या पुलावरचं, पाणी उतरायची वाट बघत काढलेली वीस मिनिटं धरली आहेत. पलीकडच्या काठाला एसटी उभी होती, शाळेची पोरं खिडक्यांतून माना काढून बघत होती, आणि ड्रायव्हर खाली उतरून, पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन, काठीनं पाण्याचा अंदाज घेत होता. परतीचा पाऊस लांबला होता. चुलतभावाची सोयाबीन सोंगून झाली होती, सुडी ताडपत्रीखाली वाफाळत होती. 'काढली का नाही अजून?' म्हटलं, तर म्हणाला, 'सुडी लावून ठेवली भाऊ, मशीन येईन तं काढीन ना!' मशीन येणार कुठून? पांदण रस्ता म्हणजे काळ्या मातीचा चिखल, ट्रॅक्टर अर्ध्या चाकापर्यंत रुतलेला. त्याच्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहिलं की समृद्धीवरून धावणारे कंटेनर दिसतात. त्याच्याकडे मोटारसायकल आहे, आणि त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात चांगला रस्ता त्याच्या डोळ्यांना दिसतो, पण त्याचं चाक त्यावर लागत नाही.

यावर लगेच उत्तर येईल, की ही रडकथा झाली, दोन्ही रस्ते हवेत. बरोबर आहे. मग एक रस्ता का होतो आणि दुसरा का होत नाही? पैसा कमी पडतो हे उत्तर अपुरं आहे, कारण पैसा नसताना पहिला झालाच की. उत्तराचा एक मोठा भाग हिशेबाच्या वहीत दडलेला आहे. सरकारी वहीत रस्त्याची दोन घरं आहेत. देखभाल-दुरुस्तीचं लेखाशीर्ष ३०५४, आणि नवं बांधकाम, रुंदीकरण, पूल यांचं ५०५४. तालुक्याच्या गावी टपरीवर बसलेला कुठलाही ठेकेदार ही दोन घरं 'तीस चोपन्न' आणि 'पन्नास चोपन्न' अशी सांगेल, जसं सरपंचाला गावातल्या मूलभूत सोयींचं 'पंचवीस पंधरा' झोपेतही आठवतं. यातलं तीस चोपन्न महसुली आहे. म्हणजे खड्डा भरणं, गटार मोकळं करणं, पुलाचा कठडा बसवणं ही सगळी कामं पगार, पेन्शन आणि अनुदानांच्या शेजारी, त्याच 'उधळपट्टी'च्या रकान्यात बसतात. तिजोरीत तंगी आली की कात्री कुठं लागणार? पगार थांबवता येत नाही, पेन्शन थांबवता येत नाही, कर्जाचं व्याज तर नाहीच नाही. रस्ता मात्र मोर्चा काढत नाही. म्हणून कात्री त्याच्यावर चालते. आमच्याच रस्त्याबद्दल विचारायला गेलो होतो, तेव्हा एका शाखा अभियंत्यानं मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, 'साहेब, आत्ता खड्डे भरायला काही नाही. अजून दोन पावसाळे जाऊ द्या. पार उखडला की सुधारणेत धरता येतो, पन्नास चोपन्नमधून.' त्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता. व्यवस्था जशी आहे तशी त्यानं सांगितली. जुन्या कौलारू घरात राहिलेल्यांना हे कळेल. दर मे महिन्यात कौलं शाकारायची नाहीत, आढं कुजून खाली येऊ द्यायचं, आणि मग नवं घर बांधून गावजेवण घालायचं. शाकारणीचा खर्च वाया गेला असं म्हणायचं आणि नव्या घराला गुंतवणूक!

आमच्या लहानपणी या रस्त्यावर मैलकुली होता. ठरलेल्या काही मैलांचा तुकडा त्याच्या ताब्यात. खाकी सदरा, फावडं, घमेलं आणि रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले खडीचे चौकोनी ढीग. पावसाळ्यापूर्वी बाजूच्या चाऱ्या साफ करायच्या, मोरीत अडकलेला पाला काढायचा, पहिल्या पावसात जिथं खळगी पडेल तिथं त्याच दिवशी मुरूम टाकून ठोकायचा. डांबराचा खरा शत्रू साचलेलं पाणी आहे, ट्रक नव्हे, हे त्याला कुठल्याही पदवीशिवाय ठाऊक होतं. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. त्याचा पगार महसुली खर्च होता, त्यामुळे तो वाचला म्हणून कोणत्या तरी तक्त्यात शाबासकीही मिळाली असेल. नंतर त्याच रस्त्याचं दोनदा 'मजबुतीकरण व डांबरीकरण' झालं. दोन्ही वेळा फलक लागला, नारळ फुटला. मैलकुलीच्या नावानं कोणी कधी नारळ फोडल्याचं मला आठवत नाही.

हा कल वरूनही पोसला जातो. केंद्र सरकार २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं. हेतू चांगलाच आहे. करोनाच्या काळात राज्यांनी आधी विकासकामांवरच कुऱ्हाड चालवली असती, ती त्यामुळे थोडी थांबली. पण त्या पैशातून नवं बांधता येतं, जुनं सांभाळण्यासाठी माणूस नेमता येत नाही. मग जुन्याचं काय होतं? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं घेऊन. त्याच्या जागी नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि त्याचं सर्वांनी कौतुक केलं. मीही केलं. पण ज्या राज्यात साडेपाच महिन्यांत पूल बांधण्याची धमक आहे, त्या राज्याला आधीचा पूल नीट तपासायला काय लागलं असतं? जून २०२५ मध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, चार माणसं गेली. तिथं नव्या पुलासाठी आठेक कोटी रुपये मंजूर होते. पैसा होता, कागद होता, पूल नव्हता, आणि जुन्या पुलावर माणसांना अडवायला उभा राहणारा कोणी नव्हता. तो उभा राहणारा माणूसही महसुली खर्चातच येतो.

आता समोरच्या बाजूचं खरं बळ मान्य करतो, कारण ते पुष्कळ आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण झाला. सुमारे ५५,००० कोटी खर्चून नागपूर आणि मुंबई आठ तासांच्या अंतरावर आली. ज्यांनी विदर्भातून रात्रभर बसून मुंबईला नोकरीच्या मुलाखती दिल्या आहेत, त्यांना याची किंमत सांगायला नको. जमिनी देताना सुरुवातीला कडाडून विरोध झाला, पण थेट खरेदीत पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला तेव्हा विरोधाचे झेंडे बऱ्याच गावांत आपोआप खाली आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वेळीही 'कोणाला हवाय हा श्रीमंतांचा रस्ता' असं म्हणणारे होते, आज त्यांचीच मुलं दर शनिवारी लोणावळ्याच्या घाटात अडकलेली असतात. कोकण रेल्वे बांधायला निघाली तेव्हा हिशेब जुळत नव्हता. केंद्राच्या ५१ टक्क्यांसोबत महाराष्ट्रानं २२ टक्के भांडवल घातलं, बाकी गोवा, कर्नाटक आणि केरळनं. १९९८ मध्ये ती पूर्ण झाली, आणि आज ती नसती तर चाकरमान्यांचा गणपती कसा झाला असता याची कल्पनाही करवत नाही. तेव्हा मोठं स्वप्न, कर्ज आणि राज्याची भांडवली गुंतवणूक या तिन्ही गोष्टींना नाक मुरडण्यात काही अर्थ नाही.

पण कोकण रेल्वेच्या दाखल्याकडे जरा नीट बघावं. ती खेडला थांबते, चिपळूणला थांबते, कणकवलीला थांबते, आणि तिच्या काही गाड्या अशा स्थानकांतही थांबतात की जिथं उतरणारी माणसं स्टेशनमास्तरच्या ओळखीची असतात. बंदिस्त द्रुतगती मार्गाचा स्वभावच उलटा आहे. जितकी कमी ठिकाणी चढउतार, तितका तो वेगवान. त्याचा फायदा दोन टोकांना सगळ्यात जास्त, मधल्यांना फाटा असेल तेवढाच, आणि फाट्यापुढचा रस्ता धड असेल तरच. हे शहाणपण नवं नाही, आणि ते आमच्याच जिल्ह्यात शिकता येतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. इंग्रजांना वऱ्हाडातला कापूस हवा होता, वऱ्हाडी माणसाच्या सोयीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तरीही मुख्य मार्ग खामगावच्या बाजारापासून काही मैलांवरून जातो म्हटल्यावर त्यांनी हात झटकले नाहीत. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा चिमुकला फाटा त्यांनी काढला आणि तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय आला. गाठी बैलगाडीत अडकून पडल्या तर पुढची आगगाडी काय कामाची, एवढं त्या परक्या सरकारला कळत होतं. आमच्या सरकारांनी महामार्गालगत नवनगरं आखली, ती बहुतेक अजून कागदावर आहेत. आणि असलेल्या खामगाव, मेहकर, लोणारसारख्या गावांच्या भोवतालचं जाळं? इंग्रजांचा स्वार्थ आमच्या लोकशाहीच्या नियोजनापेक्षा जास्त तपशिलात शिरत होता, असं म्हणायची वेळ यावी का?

जाळ्याचा विचार आपल्याला परका आहे असंही नाही. दुसरं महायुद्ध चालू असताना, डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरलाच जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही आज आपल्या तोंडात बसलेली उतरंड तिथली. त्या आराखड्याचं एक सूत्र असं होतं, की शेतीनं विकसित झालेल्या पट्ट्यात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये. मोजमाप गावापासून सुरू होत होतं. पुढं १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीनं राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांचं विकासातलं देणं, ३,१८६ कोटी रुपये काढला. रस्ते हे त्यातलं एक क्षेत्र होतं. त्या अहवालाचे उपकार मोठे आहेत, विदर्भ-मराठवाड्याच्या तक्रारीला त्यानं आकड्याचं हाड दिलं. पण त्यानंतर आपण लांबी आणि रुपये यांच्यातच अडकलो. किती किलोमीटर झाले ते मोजलं, त्यातले किती पावसाळ्यात चालू राहतात ते मोजायचं राहिलं. विजय केळकर समितीनं नंतर तालुका हा घटक धरून विचार करा असं सांगितलं. डिसेंबर २०१४ मध्ये तो अहवाल नागपूर अधिवेशनात मांडला गेला. पुढच्याच वर्षी समृद्धीची घोषणा झाली. तालुक्याचा अहवाल कपाटात गेला आणि विदर्भाचा न्याय म्हणून एक रस्ता पुढं आला. रस्ता चांगलाच आहे. पण अनुशेष नावाच्या हजार तोंडांच्या प्रश्नाला एका सरळ रेषेनं उत्तर देता येतं, हा समज त्याच्याबरोबर रुजला.

'पण हा पैसा तुमच्या पांदण रस्त्याचा नव्हताच,' असा पुढचा युक्तिवाद असतो, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. महामार्ग महामंडळ बांधतं, महामंडळ कर्ज काढतं, टोलमधून ते फिटतं. तिजोरीला तोशीस नाही, मग तालुक्याच्या रस्त्याशी तुलना कशाला? ऐकायला हे सुरेख आहे. प्रत्यक्षात टोल ही आपल्याकडे आर्थिक गोष्ट राहिलेलीच नाही. कोल्हापूरकरांनी आंदोलन करून शहरातला टोल घालवला. २०१५ मध्ये राज्यानं १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर लहान गाड्यांना सूट दिली. विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलकी वाहनं मोफत झाली. सूट मिळाली म्हणजे खर्च संपत नाही, भरपाई तिजोरीतून जाते. म्हणजे 'टोलमधून फिटेल' या वाक्यात 'निवडणूक आली नाही तर' हे शब्द न लिहिलेले असतात. आणि टोल पुरेसा आलाच नाही, तर? महामंडळाच्या मागे सरकारच उभं असतं. नफा झाला तर महामंडळाचा, तोटा झाला तर सरकारचा, ही रीत १८४९ पासूनची आहे. तेव्हा कंपनी सरकारनं रेल्वे कंपनीला भांडवलावर ५ टक्क्यांची हमी दिली होती, आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली गेली. दादाभाई नौरोजींपासून अनेकांनी त्यावर आयुष्यभर टीका केली. नव्वदच्या दशकात त्याचीच आवृत्ती आपण कृष्णा खोऱ्यात काढली. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं दिलेल्या मुदतीच्या आत, २००० सालापूर्वी पाणी अडवायचं, म्हणून १९९६ मध्ये महामंडळ काढून रोखे विकले. कारण खरं होतं, घाईही खरी होती. पण एकाच वेळी इतकी धरणं आणि कालवे हातात घेतले, की पैसा पाझरत गेला, कामं वर्षानुवर्षं अर्धवट राहिली आणि रोख्यांची जबाबदारी शेवटी राज्याच्या गळ्यात आली.

आता शक्तिपीठाचे आकडे या उजेडात बघू. मूळ आखणीत वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, अंदाज ८६,३०० कोटी. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सात लाख कोटी, त्यातला महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. उरतात ते ९३,००० कोटींच्या आसपास. म्हणजे शाळा, दवाखाने, धरणं, रस्ते सगळं धरून राज्याचा एका वर्षाचा जो भांडवली खर्च, त्याच्या जवळपास जाणारा हा एक रस्ता. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळानं त्यातल्या २०,७८७ कोटींना मान्यता दिली, तीही मुख्यतः जमिनीसाठी, आणि त्यातले १२,००० कोटी हुडको या केंद्राच्या वित्तसंस्थेच्या कर्जातून येणार. नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर या गावांना आधीच जोडत असताना! देवस्थानं जोडायची म्हणता, तर तुळजापूर आणि कोल्हापूर या रस्त्यावर आहेतच, राहिलेल्या ठिकाणी एसटीचं स्टँड सुधारा, घाटातला रस्ता रुंद करा, भाविकाला स्वच्छ शौचालय द्या. कोल्हापूर-सांगलीच्या बागायती पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या विरोधाला विकासविरोधी म्हणणं सोपं आहे. पण तो विचारतोय तो प्रश्न खुद्द सरकारी हिशेबतपासनिसानं विचारावा असा आहे: समांतर रस्ता असताना हा कशासाठी? मागास भागाला तोटा सोसूनही रस्ता द्यावा लागतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग ते अनुदान आहे असं उघड म्हणा, अर्थसंकल्पात लिहा, आणि लाडक्या बहिणीसाठी २०२५-२६ मध्ये ठेवलेल्या ३६,००० कोटींवर जशी चर्चा झाली तशी यावरही होऊ द्या. बहिणीचा पैसा दिसतो म्हणून त्यावर बोलणं होतं. महामंडळाचं कर्ज दिसत नाही, म्हणून ते गुंतवणूक ठरतं का?

एक आक्षेप राहिला, आणि तो मला माझ्याच गावातले लोक घेतात. 'लहान कामांना पैसा दिला की तो खाल्लाच जातो. महामार्ग निदान दिसतो तरी.' याला माझ्याकडे टाळीचं उत्तर नाही. गावरस्त्याचं डांबर बोटानं उचकटून दाखवणारे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. रोजगार हमीवरचे मुरमाचे रस्ते दर पावसाळ्यात वाहून गेले आणि दर उन्हाळ्यात पुन्हा झाले, हेही खरं. पण त्याच गावांत पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता बऱ्याच ठिकाणी जास्त टिकलेला दिसतो. ठेकेदार काही वेगळ्या मातीचे नव्हते, ठेका वेगळा होता. त्या योजनेत पाच वर्षांची देखभाल बांधणाऱ्याच्याच गळ्यात बांधलेली असते आणि तपासणीला बाहेरचा माणूस येतो. खाबूगिरीचा संबंध कामाच्या लहानमोठेपणाशी कमी आणि नंतर कोण विचारणार आहे याच्याशी जास्त आहे. शिवाय मोठ्या कामात पैसा खाल्ला जात नाही असं कोण म्हणतं? तिथं तो आपल्याला बोटानं उचकटून बघता येत नाही, इतकंच.

आणि रस्ता हे तरी अर्धंच काम. त्यावरून जायचं कशानं? १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, तेव्हापासून या राज्याचं खरं दळणवळण तिनं केलं आहे. करोनापूर्वी १८,००० च्या घरात असलेला तिचा ताफा नंतर पंधरा हजारांच्या आसपास उतरला. मधे कर्मचाऱ्यांचा जवळजवळ सहा महिन्यांचा संप झाला, जानेवारी २०२५ मध्ये भाडं पंधरा टक्क्यांनी वाढलं. सरकार एकीकडे सवलतींची भरपाई एसटीला देतं आणि दुसरीकडे तिच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर घेत आलं आहे, या खिशातून काढून त्या खिशात. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला दळणवळणाचा सगळ्यात मोठा निर्णय तोच, आणि तो महसुली खर्च आहे! आमच्या गावातल्या बायका त्यामुळे तालुक्याला जायला लागल्या. बँकेत, दवाखान्यात, माहेरी, कधी उगाच बाजारातही. तोवर घरातल्या पुरुषाच्या गाडीवर मागे बसणं एवढाच त्यांचा प्रवास होता. पण गाडीच्या फेऱ्या चाराच्या दोन झाल्या. अर्ध्या तिकिटाचा उपयोग अख्खी गाडी आली तरच होणार ना? नवी बस घेणं भांडवली, ड्रायव्हर नेमणं महसुली, डिझेल महसुली, टायर महसुली. नुसत्या भांडवलावर एसटी डेपोतच उभी राहील.

म्हणून मागणी साधी आहे, आणि तिला कुठल्याही समितीची गरज नाही. अर्थसंकल्पासोबत दरवर्षी तालुकावार एक पान छापा. किती किलोमीटर रस्ते आहेत, त्यातले किती बारमाही चालू राहिले, किती फरश्यांवरून पाणी गेलं आणि किती दिवस, एसटीच्या किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि किती झाल्या. देखभालीचा पैसा नव्या कामांच्या आधी बाजूला काढा आणि वर्षाच्या मध्यात त्याला हात लावू नका. रोजगार हमीसाठी आपण एके काळी व्यवसाय कर लावून पैसा राखून ठेवला होता, तेव्हा राखीव पैसा ही कल्पना या राज्याला नवी नाही. महामंडळांची सगळी कर्जं आणि सरकारी हमी त्याच पुस्तकात, त्याच अक्षरांत छापा, परिशिष्टात नव्हे. एवढं झाल्यावर शक्तिपीठ हवा की नको यावर खुशाल भांडू. तेव्हा ते भांडण खरं असेल.

दिवाळीहून परतल्यावर मी आमच्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. फरशीच्या जागी पुलाचं काय झालं, पांदण रस्त्याचं काय झालं, एवढंच विचारलं होतं. महिन्याभरानं फोन आला. माणूस नम्र होता. पुलाचं काम 'प्रस्तावित' आहे म्हणाला, पांदण रस्ता 'आराखड्यात' आहे. मग आवाज जरा उजळला. 'पण दादा, एक आनंदाची बातमी आहे. तुमच्या गावाला पंचवीस पंधरामधून स्वागत कमान मंजूर झाली.' कुठं उभी करणार, विचारलं. म्हणाला, 'रस्त्यावर. फरशीच्या अलीकडे.'